आजोबांची हत्यारं पाटावर कशी मांडायची

चि. अन्वीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलं आहेस की आजोबा गेल्यानंतरच्या या पहिल्या दसऱ्याला त्यांच्या फोटोला हार घालायचा, की आत्या म्हणते तसं त्यांच्या पेटीतली हत्यारं पाटावर मांडायची? आणि खाली हळूच एक ओळ: ‘लोखंड घासायच्या कानशीची कसली गं पूजा?’

हत्यारं मांड. हार घातलास तरी कुणी नको म्हणणार नाही, पण तो कुणाच्याही फोटोला घालतात.

आधी शब्द बघ. आपल्याकडे बंदूकही हत्यार आणि पटाशीही हत्यारच. जवान ‘हत्यार साफ कर’ म्हणतो, सुतार ‘हत्याराला धार लाव’ म्हणतो. आश्विन शुद्ध नवमीला खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे रुंद पात्याची तलवार. ज्यांच्या घरी तलवार असते ते तलवार पुजतात. शेतकरी औत पुजतो, शिंपी मशीन, ड्रायव्हर गाडी. पुष्कळ घरांत हे दसऱ्यालाच उरकतात, तेव्हा तुझ्या सुट्टीप्रमाणे दोन्हींतला कुठलाही दिवस धर. त्या दिवशी मात्र हत्यार कामाला लावायचं नाही, त्याला विश्रांती.

आजोबांच्या बाबतीत तर हा सण दोन्ही बाजूंनी लागू. ते ईएमईत होते, म्हणजे सैन्याच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलात. इतर पलटणींत ज्याला शिपाई म्हणतात, त्याला तिथे क्राफ्ट्समन म्हणतात, म्हणजे सरळ कारागीरच. त्या दलाचं ब्रीद आहे ‘कर्म ही धर्म’. १९६३ ला भरती, १९७९ ला घरी. तेव्हा जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं पुरायची, म्हणून पस्तिशीत माणूस मोकळा व्हायचा आणि पुढे दुसरी नोकरी धरायचा. आजोबांनी आयटीआय धरलं. हुद्दा शिल्पनिदेशक, ट्रेड जोडारी. फिटरला सरकारी मराठीत जोडारी म्हणतात, आणि मला तो शब्द फिटरपेक्षा नेमका वाटतो.

जोडारीचा कोर्स दोन वर्षांचा. त्यातले सुरुवातीचे कितीतरी दिवस पोरं नुसती कानस चालवतात. तुमच्या जर्मन आउसबिल्डुंगमध्येही, म्हणजे कारागिरीच्या प्रशिक्षणातही, पहिले आठवडे तेच असतात, त्यामुळे हे तुला वेगळं सांगायला नको. चूकही सगळीकडे एकच होते: कानस झोपाळ्यासारखी हलते, कडा खाली जातात आणि जॉबच्या, म्हणजे घासायच्या तुकड्याच्या, मध्ये पोट येतं. ढकल सुरू होताना कानशीचं टोक जॉबच्या पुढे थोडंच असतं, म्हणून डाव्या हाताचा दाब जास्त हवा. मध्यावर दोन्ही हात सारखे. शेवटी उजवा जास्त. हा दाब सरकवता आला नाही की पोट आलंच. तुकडा आवळून धरणारा व्हाइस उभ्या माणसाच्या कोपराइतका उंच हवा. उंच असला तर खांद्यावर ताण येतो, बुटका असला तर माणूस वाकतो आणि कानस तिरकी जाते. मागे येताना दाब शून्य, कारण दातांची तोंडं पुढे असतात. दाबून मागे ओढलं की ते झिजतात.

आता पेटी. झाकणाला आतून यादी चिकटवलेली आहे, २३ नग. उघडल्यावर आधी गिनती कर, बंद करतानाही कर. ही फौजेतली सवय. कमी भरले तर व्हर्नियरच्या, म्हणजे बारीक माप घ्यायच्या हत्याराच्या, डबीत बघ, खूण ठोकायचा छोटा सेंटर पंच तिथे शिरून बसतो.

कानशी तारेच्या ब्रशने साफ कर, पण ब्रश दातांच्या ओळींच्या दिशेने, म्हणजे तिरका चालव. लांबीच्या दिशेने नाही. ओळींत अडकलेला कीस ब्रशने निघाला नाही तर पितळेच्या पातळ पट्टीची कड त्याच ओळीत सरकव. पितळ मऊ, त्यामुळे दात दुखावत नाहीत. पोलादी सुईने मात्र खरवडू नकोस. मग खडू घास, म्हणजे पुढच्या वेळी कीस कमी चिकटेल. कानशीला तेल लावू नकोस. तुझे बाबा ‘लाव’ म्हणून हमखास सांगतील, ते ऐकू नकोस! तेलकट कानस जॉबवर घसरते आणि कीस धरून ठेवते. एकमेकींवर टाकू नकोस, प्रत्येक कानस वेगळ्या फडक्यात गुंडाळ. एखादीची मूठ ढिली असेल तर कानस उभी धरून मुठीचा बुडखा बाकावर आपट, ती आपोआप आत बसते. कानशीवर हातोडी मारायची नाही. ती कडक असते, तुकडा उडेल. आणि मुठीशिवाय तर हातात घ्यायचीच नाही, मागचं टोक तळव्यात घुसतं.

काटकोन तपासायचा गुण्या अजून बरोबर आहे का, ते असं बघ: पत्र्याच्या सरळ कडेला लावून सुईने रेघ ओढ, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढ. रेघा एकावर एक आल्या तर ठीक. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची. व्हर्नियरचे जबडे पुसून मिटव, शून्यासमोर शून्य यायला हवा आणि उजेडाकडे धरलं तर मधून प्रकाश दिसता कामा नये. त्यावर ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेले आहेत, म्हणून ते ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतं. हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं ढिलं करून ठेव, ताणलेलं ठेवलं तर फ्रेमवर विनाकारण ओढ राहते.

मांडताना पाटावर कोरडं कापड घाल. पाणी शिंपडायचं नाही. हळदकुंकू ओलं करून लोखंडावर लावलंस तर दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचा ठिपका दिसेल, म्हणून लाकडी मुठींवर लाव. व्हर्नियर डबीतच राहू दे, कुंकू डबीला. झेंडूही थेट लोखंडावर नको, देठाच्या पाण्याने डाग पडतो. हत्यारांच्या बाजूने ओळीत ठेव आणि सकाळी उचल. फोटो मागे असू दे, लष्करी पोशाखातला की वर्कशॉपमधला, ते तू ठरव.

आपट्याची पानं तुझ्याकडे मिळणार नाहीत. तुमच्या रस्त्यावर गिंकोची झाडं असतील तर बघ, त्याचंही पान दोन पाकळ्यांत दुभंगलेलं असतं आणि ऑक्टोबरात पिवळं पडायला लागतं. आपटा नव्हे, पण सोनं म्हणून चालून जाईल.

पेटीच्या तळाशी मेणकागदात एक कोरी १० इंची स्मूथ, म्हणजे बारीक दातांची, कानस आहे. कधी कामाला काढलीस तर आधी पितळेवर चालव, लोखंडावर नंतर. पितळेला कोरे, तिखट दात लागतात. लोखंडावर झिजलेली कानस पितळेवर नुसती घसरते. पितळेवर झिजली तरी लोखंडावर तिचे आणखी बरेच दिवस निघतात.

तुझी,
आई