धुराची गाडी गेली, डास मात्र घरातच

प्रश्न: नमस्कार, आमच्या गावात (लातूर जिल्हा) नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी बॅरल, रांजण, हौद भरलेलेच असतात. मागच्या महिन्यात गल्लीत डेंगूचे पेशंट निघाले, ग्रामपंचायतीने धुराची मशीन फिरवली, पण चार दिवसांत परत तेच. आशाताई म्हणतात आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा. अहो, दहा दिवसांनी आलेलं पाणी ओतून कसं देणार? आमच्या बचत गटाला काही करता येईल का?

उत्तर: ताई, पाणी ओतून द्या असं मी तरी सांगणार नाही. धुराने फक्त उडणारे डास मरतात, तेही सगळे नाहीत, खाटेखाली नि टांगलेल्या कपड्यांमागे बसलेले वाचतात, आणि बॅरलमधल्या अळ्यांना तर काहीच होत नाही. डेंगूचा डास गटारातला नाही, घरातल्या साठवलेल्या पाण्यातला. नांदेडच्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, त्याने सांडपाणी नि गटारातले डास कमी होतात, जरूर करा, पण डेंगूवाला रांजणातच राहतो.

त्याची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, आतली कड काथ्याने खसाखसा घासायला लागते. तुमचा कोरडा दिवस म्हणजे पाण्याच्या पाळीचा दिवस, तेव्हा भांडी तशीही तळाला गेलेली असतात, तेव्हाच घासा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस, आणि तुमची पाण्याची पाळीही तेवढ्याचीच, त्यामुळे मधल्या दिवसांत भांड्याच्या तोंडावर जुन्या साडीचं कापड दोरीने घट्ट बांधा, नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून जातोच. सिमेंटचा हौद रिकामा होत नसेल तर आरोग्य केंद्रातून अळ्या खाणारे गप्पी मासे आणा, मात्र ते ओढ्यात किंवा नदीत सोडू नका.

गटाचं काम इथे येतं, कारण हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे तुम्हाला चावणारा तुमच्या नाहीतर शेजारच्याच घरातला. निकाराग्वा नि मेक्सिकोत ‘कामिनो वेर्दे’ नावाचा प्रयोग झाला, 2015 ला निकाल छापून आले. लोकांना त्यांच्याच घरातल्या पाण्यातल्या अळ्या दाखवल्या आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं, तर मुलांमधली डेंगूची लागण जवळपास 30 टक्क्यांनी कमी निघाली. तुम्हीही पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन वर टॉर्च मारा नि शेजारणीला वळवळ दाखवा. अळ्या सापडल्या म्हणून दंडाची नोटीस देणं मला पटत नाही, लोक घाबरून दार लावून घेतात.

आणि पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले जुने टायर आधी उतरवा, बॅरलं बांधून बसाल नि डास वर वाढत राहतील.