ग्रहांचे आणि चंद्राचे फोटो काढायला कोणती दुर्बीण घ्यावी: भिंगाची, आरशाची की माक्सुटोव्ह (भिंग आणि आरसा दोन्ही असलेली)?

आरशाची. आठ इंची न्यूटोनियन, डॉब्सोनियन म्हणजे हाताने ढकलून फिरवायच्या बैठकीवरची, थोडक्यात डॉब. ‘फोटोसाठी भिंगाचीच घ्या’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय म्हणता. आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमधले एक काका वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. डॉबला ग्रहामागे फिरवणारी मोटर नाही, ती नुसती डोळ्याने बघायची, असं त्यांचं ठाम मत.

डिसेंबर २०२४ मध्ये गुरू प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला होता, वृषभ राशीत. पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर यायचा. अगदी डोक्यावरच्या ग्रहामागे डॉब ढकलणं जिकिरीचं, म्हणून मी तो पूर्वेला निम्म्यावर चढताच गच्चीवर सुरुवात केली. दोनपट बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग) आणि व्हिडिओ काढणारा छोटा प्लॅनेटरी कॅमेरा. गुरूला फ्रेमच्या एका कडेला आणायचं आणि दुर्बिणीवरचा हात काढायचा. तो सरकत पलीकडे जाईपर्यंत अर्धा मिनिट मिळतो, मग पुन्हा ढकलायचं. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एका फोटोचं चित्रीकरण दोन-तीन मिनिटांत उरकावं लागतं. नंतर पिप या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम मधोमध आणल्या आणि ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या स्थिर तेवढ्या निवडून एकावर एक रचल्या. तांबडा ठिपका आला, पट्ट्यांच्या कडांचे पीळसुद्धा आले! काकांच्या ८० मिमीच्या भिंगातून, मोटर असूनही, त्याच रात्री दोन पुसट पट्टे आले होते.

‘ती सॉफ्टवेअरची करामत’ असं ते अजून म्हणतात. स्टॅकिंग, म्हणजे फ्रेम एकावर एक रचणं, तर त्यांनीही केलं होतं. दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा दाखवते हे काढायला ११६ ला भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरने भागा: ८० मिमीला सुमारे १.४५ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक), आठ इंचाला ०.५७; आकडा लहान तितकं चांगलं. जो तपशील दुर्बिणीने टिपलाच नाही, तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? शिवाय स्वस्त भिंगात चंद्राच्या कडेला जांभळी झालर येते ती वेगळीच.

कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, मात्र दर वेळी तपासा, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी लगेच चित्रीकरण करू नका, वर चढणाऱ्या गरम हवेने प्रतिमा उकळल्यासारखी थरथरते. घरी फक्त बाल्कनी असेल तर पाच इंची माक्सुटोव्ह घ्या, ती आटोपशीर आहे आणि चंद्राला उत्तम. शहरातल्या उजेडाची काळजी ग्रहांसाठी करू नका.

आणि तुम्हाला भिंग सुचवणाऱ्याला त्याने स्वतः काढलेला गुरूचा फोटो मागा.