जमीन पत्नीच्या नावावर, भाडेपट्टा वडिलांच्या नावावर

प्रश्न : वडिलांनी १९७० मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर पुण्यात प्लॉट घेऊन बंगला बांधला. वडील गेले, मृत्युपत्र नाही. बंगल्यात आई आणि आम्ही राहतो, बहिणीचं लग्न झालंय. आता मूळ मालकाचे वारस ४० लाखांत जमीन विकायला तयार आहेत. ती पत्नीच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल. कर्ज १५ वर्षांचं घ्यावं की २० वर्षांचं? बँकेच्या सल्ल्यानं कर्ज फेडण्यासाठी हमी परताव्याची पॉलिसी गेल्या आठवड्यात घेतली आहे.

उत्तर : मुदतीचं नंतर पाहू. जमीन घेणं योग्यच आहे. २०६९ जवळ येईल तसं गिऱ्हाईक आणि बँक दोघंही हात आखडता घेतील. पण तुम्ही ठरवलेल्या पद्धतीनं ४० लाख देऊनही भाडेपट्टा संपणार नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १११ सांगतं की संपूर्ण मिळकतीतला पट्टेदाराचा आणि मालकाचा हक्क एकाच वेळी, एकाच व्यक्तीकडे, एकाच नात्यानं आला, तरच पट्टा मालकीत विलीन होतो. जमीन पत्नीची आणि पट्टा तुमच्या घरच्यांचा, म्हणजे पत्नी तुमची जमीनमालक होईल आणि पट्टा तसाच चालू राहील. वाचलेच तर फक्त ४० हजार.

बरं, तुमच्या नावावर घेतली तर? तरीही नाही, कारण पट्टा तुमच्या एकट्याचा नाहीच. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानुसार आई, तुम्ही आणि बहीण यांचा समान वाटा. बहिणीचं लग्न झालं हे तुम्ही एवढ्या सहज लिहिलंत, पण लग्नानं मुलीचा हक्क जात नाही. पट्ट्यासह बंगल्याची किंमत दीड कोटी धरली, तर तिचे ५० लाख होतात. तिला न विचारता तिचा हिस्सा असलेल्या घराखालची जमीन पत्नीच्या नावावर करणं म्हणजे पुढच्या दाव्याची तयारी. आणि ते न्यायाचंही नाही.

म्हणून आधी वारसनोंद करा. मग आई आणि बहिणीशी बोला. त्या स्वखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र देणार असतील तर ठीक, मग जमीन तुमच्या नावावर घ्या. नसतील, तर बहिणीला तिच्या वाट्याची रक्कम देऊन ते पत्र घ्या, किंवा तिघांनी मिळून त्याच हिश्श्यांनी जमीन घ्या. खरेदीखतावर मूळ मालकाच्या प्रत्येक वारसाची सही हवी आणि पट्टा मालकीत विलीन होऊन संपुष्टात आला, असं स्पष्ट वाक्य हवं. मिळकत पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्ड) पट्ट्याची नोंद कमी झाल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. मसुदा दलालाकडून नको, वकिलाकडून करून घ्या.

आता पॉलिसी. वर्षाला ३ लाख, १० वर्षं भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर ४५ लाख मिळणार. हा परतावा चार टक्क्यांहूनही कमी आहे. कर्ज ९ टक्क्यांनी! असल्या पॉलिसीला 'कर्जफेडीची सोय' म्हणून गळ्यात मारतात, याचा मला मनापासून राग येतो. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतील. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मॅनेजरच्या समजावणीला बसू नका. विमा हवा असेल तर कर्जाएवढा साधा मुदतीचा विमा घ्या.

कर्जाची मुदत १५ वर्षं. हप्ता साधारण ४० हजार बसेल. पॉलिसीचे महिन्याचे २५ हजार त्यातच वळवा. मात्र बहिणीची रक्कम ठरेपर्यंत कर्जाचा अर्ज करू नका आणि इसारही देऊ नका.