नवा बास, जुना थाट

प्रश्न: विंटेज स्टाइलचा इलेक्ट्रिक बास घेतलाय, हातात घेतला की सोडवत नाही, पण आवाज दबका वाटतो आणि जाड ई तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरते. परत करू का?

उत्तर: अजिबात घाई करू नका हो! तारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) असतील तर तो गोल, दबका आवाजच त्यांची खरी गोडी आहे, नामवंत अमेरिकन बासवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बासवर असल्याच तारा वाजवायचे, बँडसोबत वाजवून बघा मग कळेल. खरखर सुरुवातीच्याच फ्रेटवर आहे म्हणजे बहुतेक नेक (बासचा लांब दांडा) फार सरळ झालीय, तिच्या आतला ट्रस रॉड (तिचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) किंचित सैल करावा लागेल, पण जुन्या पद्धतीच्या बासमध्ये तो फिरवायचा नट बॉडीच्या बाजूला असतो, कधीकधी नेकच काढावी लागते, त्यामुळे जाणकाराकडूनच करून घ्या.