हेरकथा दुसऱ्यांदा वाचताना

नागपूर,
१८ मे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस तेव्हा डोळ्यांवरूनच जागरण कळत होते. लष्करी हेरकथांच्या त्या मालिकेचे तीन भाग तू चार रात्रींत संपवलेस, आणि चौथा मागता मागता विचारलेस की एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीने अशा पुस्तकांत वेळ घालवावा का. बाबांना ते पसंत नाही, हेही तू प्रामाणिकपणे सांगितलेस. त्या दिवशी घरात पाहुणे होते आणि बोलणे अर्धेच राहिले. प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, म्हणून सवडीने लिहीत आहे.

ही पुस्तके तू अवश्य वाच. वायुसेनेच्या नोकरीत असताना मी ती बराकीतल्या खाटेवर पडून, पाने सुटलेल्या प्रतींमधून वाचली आहेत, आणि बर्डीवर जुनी पुस्तके दिसली की आजही थांबून चाळतो. माझे सांगणे एवढेच आहे की प्रत्येक भाग दोनदा वाच. पहिल्यांदा जमेल तितक्या वेगाने वाच, कारण लेखकाने तो त्याच वेगासाठी लिहिलेला असतो आणि दर पानाला शब्दकोश उघडणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे लागत नाही. दुसऱ्यांदा मात्र वही घेऊन बस, पानावर तीन रकाने आख, आणि एकेक प्रकरण संपले की लिहून काढ: या प्रकरणात वाचकाला काय कळले, नायकाला काय कळले आणि शत्रूला काय कळले.

हे रकाने भरू लागलीस की पुस्तकाची यंत्रणा उघडी पडेल. सीमेवरच्या ठाण्यात रोज सकाळी पाण्याचा टँकर येतो असे समज. आज त्याचा चालक बदललेला आहे, ही गोष्ट लेखकाने तुला आधीच्या प्रकरणात सांगून ठेवली आहे, पण फाटकावरच्या जवानाला ती ठाऊक नाही. तो जवान चालकाकडे काडेपेटी मागतो, घरच्या पावसाची चौकशी करतो, आणि त्या दोन पानांत एकही गोळी सुटत नसताना तुझा हात पान उलटायला अधीर झालेला असतो. याउलट ज्या प्रकरणात पहिल्या ओळीपासून गोळीबार चालू आहे आणि कुणालाच कुणापेक्षा जास्त काही ठाऊक नाही, ते तू झपाट्याने वाचून जाशील आणि आठवड्याने आठवायला बसलीस तर काही आठवणार नाही. तुला ज्याचा थरार वाटला तो माहितीतल्या या तफावतीचा होता, आणि ती तफावत कशी आखली जाते हे ओळखता येणे हा गणवेशात जाऊ पाहणाऱ्या माणसासाठी चांगला अभ्यास आहे.

कारण खऱ्या हेरगिरीचा प्रश्नही हाच असतो. १९४२ साली जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश अमेरिकन संकेततज्ज्ञांना तुकड्यातुकड्यांनी उलगडू लागले होते. ‘एएफ’ या ठिकाणावर मोठा हल्ला होणार, इतके कळत होते. एएफ म्हणजे नेमके कुठे, यावर मात्र एकमत नव्हते. पर्ल हार्बर येथील तुकडीला ते मिडवे बेट वाटत होते. त्यांनी समुद्राखालच्या तारेने मिडवेला गुपचूप कळवले की तुमचे गोडे पाणी तयार करणारे यंत्र बिघडल्याचा संदेश बिनतारीवरून, साध्या भाषेत, कोणालाही ऐकू जाईल असा पाठवा. थोड्याच अवधीत जपानी संदेशात नोंद सापडली की एएफवर पाण्याची टंचाई आहे. जूनच्या सुरुवातीला झालेल्या त्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. आता हा प्रसंग तुझ्या तीन रकान्यांत मांडून पाहा. जपान्यांना मिळालेली बातमी त्यांच्या दृष्टीने पूर्ण विश्वसनीय होती, आणि ती त्यांनी इमानेइतबारे पुढे कळवली म्हणूनच त्यांचा घात झाला.

आपल्याकडे कौटिल्याने या धोक्यावर उपाय सांगून ठेवलेला आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे निरोप जुळले तरच बातमी खरी मानावी, असा त्याचा दंडक आहे. तुझ्या मालिकेतला नायक किती वेळा एकाच खबऱ्याच्या एका फोनवर सगळी पलटण हलवतो, ते दुसऱ्या वाचनात मोजून पाहा. आपल्या बखरीत बहिर्जीचा उल्लेख जासूद म्हणून येतो, आणि १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले ते त्याने आणलेल्या बातमीच्या बळावर, ही गोष्ट तू शाळेत ऐकलेली आहेस. त्या मोहिमेचे आपण नेहमी घोडदौडीकडूनच वर्णन करतो. त्या आधी शहरात राहून पेठा, पहारे आणि वाटा पाहून ठेवण्यात किती दिवस गेले असतील, याचा विचार क्वचितच करतो.

वेगवान कादंबरी हे दिवस गाळते, आणि तिने ते गाळायलाच हवेत. तुला मात्र ते ठाऊक असावेत, म्हणून माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. मी विमानांच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ होतो. आमच्या अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आणि पेचकसाची आकृती रंगवलेली असे, म्हणजे रिकामी जागा लांबूनही दिसावी. काम संपले की अवजारे मोजायची, फळीवर लावायची, नोंदवहीत सही करायची, आणि मोजदाद जुळेपर्यंत विमान सोडायचे नाही, हा नियम होता. कारण इंजिनाजवळ किंवा नियंत्रणाच्या तारांपाशी राहिलेला एक पेचकस वैमानिकाचा जीव घेऊ शकतो. एका रात्री एक लहान पेचकस कमी भरला. आम्ही सहा जण विजेऱ्या घेऊन साडेतीन तास विमानाच्या पोटात, पंखांच्या सांध्यांत आणि जमिनीवर शोधत होतो, आणि शेवटी तो एका सहकाऱ्याने काढून ठेवलेल्या डांगरीच्या खिशात सापडला. कुणी कुणावर ओरडले नाही. पहाटे विमान वेळेवर गेले. त्या साडेतीन तासांवर कोणी कादंबरी लिहिणार नाही, पण सैन्याचे पुष्कळसे आयुष्य असेच असते, आणि हेरखात्याचेही. ते तुला नकोसे वाटते का, हे आताच स्वतःला विचारून घे.

त्याच दृष्टीने गाझी पाणबुडीची हकीकत वाच. १९७१ च्या नोव्हेंबरात ती पाकिस्तानी पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या शोधात बंगालच्या उपसागराकडे निघाली. विक्रांत अंदमानच्या बाजूला सुरक्षित हलवलेले होते, आणि व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी मात्र ते विशाखापट्टणमच्या आसपासच असल्याचा देखावा उभा केला. राजपूत ही जुनी युद्धनौका मोठ्या जहाजासारखी भरमसाठ बिनतारी संदेश पाठवत राहिली, आणि किनाऱ्यावर मोठ्या ताफ्याला पुरेल इतक्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली गेली, जेणेकरून बाजारातून बातमी फुटावी. (कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘रसद’ हा शब्द विषप्रयोग करणाऱ्या हेरासाठी आहे, आणि आपण आज सैन्याच्या शिध्यासाठी वापरतो तो तसाच दिसणारा शब्द फारसीतून आलेला वेगळा आहे, ही हकीकत वाचताना मला त्याची नेहमी आठवण होते.) डिसेंबरच्या ३ आणि ४ तारखांमधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती नेमकी कशामुळे बुडाली, याविषयी दोन्ही देशांची सांगणी वेगळी आहेत, आणि तू दोन्ही वाचावीस असे मला वाटते. ज्याला शत्रूची बाजू वाचण्याचाही कंटाळा आहे, त्याच्या हाती हेरखाते देऊ नये.

यावरून तुझ्या मालिकेतला मला सर्वांत खटकलेला दोष सांगतो. तिच्यात शत्रूला चेहरा नाही. नायकाला आई आहे, जुनी जखम आहे, न पाठवलेले पत्र आहे. समोरचा मात्र दात-ओठ खाणारा आणि सहज फसणारा आहे. अशा शत्रूला हरवण्यात पराक्रम कसला? वास्तवात पलीकडचा अधिकारीही अभ्यासू असतो, त्यालाही वरिष्ठांना उत्तर द्यायचे असते, आणि तुझ्याविषयी त्यानेही एक वही ठेवलेली असते. दुसऱ्या वाचनात तिसरा रकाना रिकामा राहू लागला, की लेखक तिथे कमी पडला असे खुशाल समज.

माहिती हाती आल्यावर ती वापरावी की झाकून ठेवावी, हा पेच मात्र या मालिकेने चांगला रंगवला आहे, आणि त्याबद्दल मी लेखकाला मनापासून दाद देतो. कारगिलच्या वेळी पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये असताना त्यांचे रावळपिंडीतल्या जनरल अझीझ यांच्याशी झालेले फोनवरचे संभाषण आपल्या हाती लागले, आणि सरकारने ते ११ जून १९९९ रोजी जाहीर केले. घुसखोरीमागे पाकिस्तानी लष्कर आहे हे जगासमोर आले, आणि त्याच क्षणी आपण काय ऐकू शकतो हे पाकिस्तानलाही कळले. जाहीर करणे योग्य होते का, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. दुसऱ्या भागात त्या हस्तकाला वाचवण्यासाठी नायक एक ठाणे जाऊ देतो, ते प्रकरण या प्रसंगाशेजारी ठेवून वाच.

आयबी, रॉ आणि लष्कराचे स्वतःचे गुप्तवार्ता खाते यांची मालिकेत सरमिसळ झाली आहे, तिकडे फारसे लक्ष देऊ नकोस. रॉची स्थापना १९६८ ची आणि तिचे काम देशाबाहेरचे, एवढे ध्यानात ठेवलेस तरी पुरे.

शक्य झाले तर येत्या १५ ऑगस्टला माझ्याबरोबर सीताबर्डीच्या किल्ल्यावर चल. त्या दिवशी तो लोकांना खुला असतो. १८१७ च्या नोव्हेंबरात इथे भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. लहान टेकडी भोसल्यांच्या फौजेतल्या अरब सैनिकांनी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली, पण पुढे ती टेकडी पुन्हा त्यांच्या हातून गेली. वर उभे राहून दोन्ही टेकड्यांमधले अंतर डोळ्यांनी मोजलेस, की कादंबरीतले ‘त्याने उंचवट्याचा ताबा घेतला’ हे वाक्य तुला निराळे दिसेल.

चौथा भाग माझ्या टेबलावर काढून ठेवला आहे. पण दुसऱ्या वाचनात मधले पुस्तक गाळू नकोस, कारण दुसऱ्या भागातला तो हस्तक अजून हिशेबातून गेलेला नाही. त्याला कोणी पकडून दिले हे लेखकाने सांगितलेले नाही, पण पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात त्या पकडून देणाऱ्याचा माग आहे असा माझा तर्क आहे. रविवारी वही घेऊन ये. तुझा संशय दुसऱ्याच माणसावर असेल, तर तो कोणत्या पानावरून आला हे मला पाहायचे आहे.

तुझा,
काका