अक्षरओळखीच्या आधीची वर्षे

परदेशात वाढणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला वाचनाची गोडी लावायची, तर सुरुवात कोणत्या भाषेतून करावी आणि मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर केव्हा लावावा, हे दोन प्रश्न पालक वारंवार विचारतात. पहिल्याचे उत्तर निःशंकपणे देता येते: जी भाषा तुम्ही घरात सहज आणि भरभरून बोलता, तिच्यातूनच, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत मराठीतून. तक्त्याची मात्र घाई नको.

भरपूर शब्द कानांवर पडणे, गोष्टीतला क्रम लक्षात राहणे, शब्दांतले ध्वनी वेगवेगळे ओळखू येणे, पुस्तक सुलट धरून पान उलटता येणे, ही सगळी वाचनाचीच पूर्वतयारी असते आणि तिच्यातले बरेच काही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सोबत जाते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये भाषांच्या परस्परावलंबनाची जी मांडणी केली, तिचा रोख हाच होता. त्यामुळे मराठीत गोष्टी ऐकणारे मूल शाळेत मागे पडेल, ही भीती मनातून काढून टाकावी. शाळेची भाषा त्याला घराबाहेर पुढे मिळणारच आहे; मराठी तुम्ही दिली तरच मिळेल.

पुस्तक नुसते वाचून दाखवण्यापेक्षा त्यावर मुलाशी बोलणे अधिक मोलाचे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तकावर प्रश्न विचारण्याची आणि मुलाचे उत्तर वाढवण्याची पद्धत शिकवली होती. महिनाभरातच ही मुले, नेहमीच्या पद्धतीने गोष्ट ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली दिसली. समजा, चित्रात पायरीवर बसलेले मांजर आहे. मुलाने त्यावर बोट ठेवून 'माऊ' म्हटले, की 'हो, काळी माऊ पायरीवर बसली आहे' असे त्याचेच बोलणे थोडे वाढवून त्याला परत द्यावे, मग 'ती कुणाची वाट बघते आहे?' असे विचारावे आणि खरोखर गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड असते, कारण मूल तोंड उघडण्याआधी उत्तर आपल्याच तोंडून निघून जाते. तेच पुस्तक ते रोज मागत असेल तर रोज तेच वाचावे. पुढे काय होणार हे ठाऊक असते, म्हणूनच ते गोष्टीत मध्येच शब्द भरू लागते.

मराठी चित्रपुस्तके हाताशी नसली तरी अडत नाही. जवळच्या ग्रंथालयातून कोणत्याही भाषेतले, मोठ्या चित्रांचे आणि कमी मजकुराचे पुस्तक आणावे आणि चित्रांवरून गोष्ट मराठीत सांगावी. या वयाचे मूल मजकुराकडे नव्हे, चित्राकडे आणि तुमच्या तोंडाकडे पाहत असते. बडबडगीते म्हणावीत, 'बा-हु-ली' म्हणत तीन टाळ्या वाजवाव्यात, यमक जुळणारे निरर्थक शब्दही बनवावेत. ध्वनींची जाण अशा खेळांतूनच येते.

मोबाइल-टीव्हीचा पडदा या गप्पांची आणि खेळांची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा असावी. आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे मात्र मी यात धरत नाही, कारण पलीकडचे माणूस मुलाला उत्तर देते. आजीने तिकडून पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरले तर फारच उत्तम.

आता अक्षरांविषयी. मराठीत 'क' या अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असल्यामुळे अक्षरे उशिरा शिकवल्याने काहीही बिघडत नाही. मुलाने स्वतः पाटीवरच्या अक्षराकडे बोट दाखवले तर सांगावे. गिरवण्याचा आग्रह हाताची पकड पक्की होईपर्यंत धरू नये. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहून नंतर उच्चारण्यासारख्या खाचाखोचा तर आणखी पुढच्या.

मूल दोन भाषांची सरमिसळ करत असेल तर ते स्वाभाविक आहे, आणि शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. दोन वर्षे पूर्ण होऊनही ते कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटून श्रवणतपासणी करून घ्यावी. अशा वेळी कोणी घरातली मराठी बंद करा असे सुचवले, तरी ती बंद करू नये. द्विभाषिक मुलांचा अनुभव असलेल्या वाचातज्ज्ञांचे (स्पीच थेरपिस्टचे) मत घ्यावे आणि तोवर घरातल्या गोष्टी रोजच्यासारख्याच चालू ठेवाव्यात.