पेशींवरच्या शर्करा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गर्भ वाढताना पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करा बदलतात, असे वाचले. नेमके काय बदलते? आणि बदल झाला नाही तर?
— जीवशास्त्राचे शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पेशीच्या बाहेरच्या बाजूची प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. प्रथिनासारखा साखळीचा आराखडा जनुकात थेट लिहिलेला नसतो. गॉल्जी या पेशीतल्या अंगकात त्या वेळी कोणती एन्झाइमे हजर आहेत, त्यावर ती ठरते. एक एन्झाइम सुरू किंवा बंद झाले की साखळीचे टोक बदलते. वर्गात सांगायला रक्तगट बरा. तांबड्या पेशीवरच्या एच नावाच्या मूळ साखळीच्या टोकाला एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीन लागले की ए, गॅलॅक्टोज लागले की बी, काहीच लागले नाही की ओ. बदल जन्मानंतरही चालू राहतो. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवर मुख्यतः सरळ साखळ्या असतात आणि साधारण दीड-दोन वर्षांत त्यांची जागा फांद्यांच्या साखळ्या घेतात.

उंदराच्या भ्रूणात सर्वात परिचित खूण म्हणजे एसएसईए-१ ही पृष्ठभागावरची शर्करा. सॉल्टर आणि नोल्स यांनी १९७८ मध्ये ती दाखवली. साखळीच्या टोकाशी गॅलॅक्टोज, एन-अॅसिटिलग्लुकोसामीन आणि त्यालाच बाजूने जोडलेले फ्युकोज, अशी तिची रचना. ती आठ पेशींच्या अवस्थेत, म्हणजे सुमारे अडीचाव्या दिवशी दिसू लागते, मोरुलात (पेशींच्या भरीव गोळ्यात) ठळक होते आणि ब्लास्टोसिस्टमध्ये (त्यापुढच्या पोकळ अवस्थेत) मुख्यतः आतल्या पेशीसमूहावर उरते.

नेमक्या याच वेळी पेशी एकमेकींना घट्ट चिकटतात, म्हणून चिकटण्याचे काम याच शर्करेचे असावे असे वाटले. १९८४ मध्ये ही शर्करा अनेक प्रतींनी एकत्र जोडून दिल्यावर मोरुला सैल पडला. सुटी शर्करा दिल्यावर काहीच झाले नाही. पण ती घडवणारे एफयूटी-९ जनुक काढलेले उंदीर, २००४ मधल्या अहवालाप्रमाणे, व्यवस्थित वाढले. तेव्हा एसएसईए-१ अवस्था ओळखायला उत्तम, तिच्यावाचून भ्रूण अडतो असे मात्र नाही. चिकटण्याचा मुख्य भार कॅल्शियमवर चालणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनावर असतो. सगळ्याच शर्करा इतक्या ऐच्छिक नसतात. प्रथिनांवरच्या गुंतागुंतीच्या साखळ्यांची पहिली पायरी करणारे एमजीएटी-१ हे एन्झाइम नसेल, तर उंदराचा गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो.

प्रश्न : आम्ही उंदराचे भ्रूण एसएसईए-१ प्रतिपिंड आणि लेक्टिनांनी (शर्करांना चिकटणाऱ्या प्रथिनांनी) रंगवतो. कधी सगळे कोरे, कधी सगळेच चमकतात. चूक कुठे?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, रविनगर, नागपूर

उत्तर : कोरे दिसत असतील तर आधी दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारा, चमकणारा) तपासा. एसएसईए-१ चा एमसी-४८० हा प्रतिपिंड आयजीएम प्रकारचा आहे. फक्त आयजीजी ओळखणारे दुय्यम घेतले तर काही दिसणार नाही. दुसरा संशयित ट्रायटन हा डिटर्जंट. या शर्करांचा काही भाग स्निग्ध पदार्थांवर असतो आणि डिटर्जंट किंवा मेथॅनॉल त्यांना धुऊन नेते. पृष्ठभागच पाहायचा आहे, तर पेशी सच्छिद्र करू नका. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, १०-१५ मिनिटे, एवढे पुरे. जिवंत भ्रूण रंगवत असाल तर बर्फावर ठेवा, नाहीतर प्रतिपिंड शर्करांना ओढून एका बाजूला गोळा करतो.

सगळेच चमकत असेल तर झोना पेल्युसिडा (भ्रूणाभोवतीचे आवरण) उरला आहे का, ते पाहा. त्याच्यावर स्वतःच्याच भरपूर शर्करा असतात. आम्ल टायरोड द्रावणात (पीएच २.५) तो विरघळताना सूक्ष्मदर्शकातून नजर हलवू नका आणि विरघळला की लगेच भ्रूण बाहेर काढून धुवा. प्रोनेज हे प्रथिने कापणारे एन्झाइम वापरले तर पृष्ठभागावरची प्रथिनेही कापली जातात. लेक्टिनाआधी ब्लॉकिंगला सीरम किंवा दूध नको, कारण त्यातल्या ग्लायकोप्रथिनांनाच लेक्टिन चिकटते. १-२ टक्के शुद्ध बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्या.

लेक्टिनाचे प्रमाण ५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात ठरवा. कॉन-ए या लेक्टिनाला आणि कुळथाच्या लेक्टिनाला कॅल्शियम लागते, म्हणून ट्रिस किंवा हेपिस बफर घ्या आणि कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए अजिबात नको. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम साका होऊन बसते. कोकणात ज्याचे पिठले होते, त्याच कुळथाचे हे लेक्टिन. रक्तपेढीत ए रक्तगटाचे ए१ आणि ए२ हे उपप्रकार वेगळे करायला तेच वापरतात. प्रत्येक वेळी शर्करेचे नियंत्रण ठेवाच : कॉन-एसोबत ०.२ मोलर अल्फा-मिथाइलमॅनोसाइड, शेंगदाण्याच्या लेक्टिनासोबत गॅलॅक्टोज. तरीही चमक तितकीच राहिली, तर ती शर्करेची नाही. उलट शेंगदाण्याचे लेक्टिन लागतच नसेल, तर टोकावरचे सियालिक आम्ल जागा झाकून बसलेले असू शकते. ते काढून टाकणाऱ्या न्यूरॅमिनिडेज एन्झाइमने ३७ अंशांवर अर्धा ते एक तास प्रक्रिया करून पुन्हा पाहा.

आणि एप्रिल-मेमधला आपला उन्हाळा! कृतीत लिहिलेले 'खोलीचे तापमान' म्हणजे २० ते २५ अंश. कोरड्या उष्म्यात २० मायक्रोलिटरचा थेंब भराभर आटतो, क्षार दाट होतात आणि भ्रूण आक्रसतात. ओला फिल्टर पेपर ठेवलेली झाकणाची पेटी वापरा आणि कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका.

प्रश्न : मानवी भ्रूणीय मूलपेशींसाठी एसएसईए-१ चा हाच प्रतिपिंड चालेल का?
— संशोधन सहाय्यक, नागपूर

उत्तर : नाही, इथे चित्र उलटे आहे. अविभेदित (अजून कोणताही विशिष्ट प्रकार न घेतलेल्या) मानवी पेशींवर एसएसईए-३ आणि एसएसईए-४ असतात, एसएसईए-१ नसते. पेशी विभेदित होऊ लागल्यावर ती दिसते. उंदराच्या मूलपेशींवर एसएसईए-१ असते, ३ आणि ४ नसतात. एसएसईए-४ साठीचा एमसी-८१३-७० हा प्रतिपिंड आयजीजी-३ प्रकारचा आहे, म्हणजे दुय्यम प्रतिपिंडही बदलावे लागेल.